तोंडावर सांगायचं

सोम., ४ ऑगस्ट

प्रभारी मुख्याध्यापिका होऊन दीड महिना. माझ्याहून ज्येष्ठ तिघांनी 'नको' असं लेखी दिलं, म्हणून खुर्ची माझ्याकडे. स्टाफरूममध्ये जगतापबाई चहा पिताना म्हणाल्या, "उशी घालून घ्या हो खुर्चीत. टेबलापर्यंत पोचत नाही तुम्ही." सगळे हसले. मीही. मी का हसले?

मधल्या सुट्टीत नववी 'ब'ची कोमल ऑफिसात आली. गणिताच्या गोडबोले सरांची पद्धत अशी की चाचणीत ज्याला सगळ्यांत कमी गुण, त्याने पेपर वाटायचे. एकेक नाव, गुण मोठ्याने. शेवटी स्वतःचं. वर्ग त्या शेवटच्यासाठीच थांबलेला असतो. आठवीपासून बहुतेक वेळा कोमलच. आज स्वतःचा पेपर बाकावर टाकून निघून आली.

"मॅडम, मला नापास करा, पण वाटायला लावू नका."

मंगळ., ५

कोमलचं काय करू, बाबांना विचारलं. दम्यामुळे चौथीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही. बाबांनी आणि आत्याने घरी शिकवलं, याच जेवणाच्या टेबलावर. घरचा नियम एकच: ज्याची तक्रार त्याच्या तोंडावर सांगायची. मागे बोललेलं ऐकून घ्यायचं नाही. आणि खरं बोलणाऱ्याचा आवाज कापत नाही, हे बाबांचं. दादाने माझी पट्टी मोडली तेव्हा मी त्याच्यासमोर सांगितलं, तो कबूल झाला, आत्याने दोघांना लाडू दिला. संपलं.

बाबा म्हणाले, "मुख्याध्यापकांना वेगळा नियम असतो का?"

नाही. उद्या दोघांना बोलावते. दार उघडं ठेवून. लपवाछपवी नको.

बुध., ६

वाईट झालं.

सर आले, बसले. कोमल उभी. (तिला बस म्हणायचं राहिलं. आत्ता लिहिताना लक्षात आलं.)

मी म्हटलं, "परवा मला सांगितलंस ते सरांना सांग."

सर अगदी मऊ आवाजात, "बोल ना बाळा. बोलण्याचे गुण नाही कापत मी."

"सर, ते... पे... पेपर..." आवाज कापायला लागला. आणि मला बाबांचं वाक्य आठवलं. एक क्षण खरंच वाटलं, ही खोटं तर बोलत नाही? तेवढ्यात तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असणार.

"माझी काही तक्रार नाही," म्हणाली.

मधली सुट्टी होती. उघड्या दारात निम्मा वर्ग.

सर उठताना म्हणाले, "झालं ना मॅडम? की मीही उभा राहून काही म्हणून दाखवू?"

शुक्र., ८

कोमल कालपासून येत नाही. नववी 'ब'च्या फळ्यावर कोपऱ्यात 'पे... पेपर...' मी पुसलं. पाठ वळली तसं कोणीतरी तोतरं बोललं. वळून पाहिलं तर सगळे शहाण्यासारखे बसलेले.

लेखी सूचना काढली. उत्तरपत्रिका शिक्षकांनीच वाटाव्यात, गुण मोठ्याने वाचू नयेत. सरांनी सही केली, खाली सुरेख अक्षरात 'वाचले'. जगतापबाई: "मग दहावीच्या निकालालाही सगळ्यांनी डोळे मिटून घ्यायचे का हो?"

बुध., १३

सरांनी दहावीचा सकाळचा जादा तास बंद केला. कारण 'तब्येत'. दुपारी पालकांचा घोळका. एक आई म्हणाली, "एका मुलीसाठी सगळ्या दहावीचं नुकसान? आमच्या मुलालाही वाटायला लावले होते पेपर. मेला नाही तो. मार्क वाढले."

त्या मुलाचे जुने गुण काढून पाहिले. वाढले होते खरंच. हे कुठे ठेवू?

शनि., १६

कोमलच्या घरी, बिबवेवाडीला गेले. कोमलची आई पत्र्याच्या टपरीत इस्त्री करते. हात थांबवला नाही.

"सरासमोर उभी कुनी केली तिला?"

"मी."

"आन आता न्यायलाबी तुमीच."

कोमल मागे घड्या घालत होती. मी चुकले म्हणाले. ती शर्टाची कॉलर सरळ करत राहिली. मग म्हणाली, "सरांनी पेपर वाटायला लावले, तुम्ही बोलायला लावलं. दोन्ही वेळा उभी मीच होते ना, मॅडम."

जेवताना बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "पण आवाज कापला म्हणतेस ना तिचा?" मी ताटावरून उठले. आयुष्यात पहिल्यांदा.

आमच्या टेबलाशी दादा होता, मी होते. दारात ऐकायला कोणी नव्हतं. आणि दादा माझे पेपर तपासत नव्हता.

सोम., १८

सर आपणहून आले. जादा तास सुरू करतील. सूचनाही मान्य. फक्त कोमलने वर्गासमोर सांगायचं की तिची तक्रार नव्हती.

"ऑफिसात म्हणालीच आहे ती. वर्गात म्हणू दे. तक्रार तोंडावर, तर माघारही तोंडावर. नियम आपलाच आहे, मॅडम."

'नाही' म्हणता आलं असतं. "बघते" म्हणाले.

मंगळ., १९

कोमलच्या आईचा फोन. सरांची अट तिच्यापर्यंत कुणी पोचवली कोण जाणे.

"म्हनंल की ती. शाळा सुटाया नको. उद्या धाडते."

"तिला काही म्हणायची गरज नाही."

"मग सर रोज तिच्याकडं कसं बगतील? तुमी बसनार हाय का वर्गात?"

तिने फोन ठेवला.

बुध., २०

ऑफिसातच लिहिते आहे. कोमल आली आहे. गणवेशाला कडक इस्त्री, वेण्या घट्ट. उघड्या दारात उभी. पलीकडे जिन्याशी सर, हातात खडूचा डबा. प्रार्थना झाली, मुलं वर्गांत गेली.

जगतापबाई जाता जाता म्हणाल्या, "आत घ्या नाहीतर वर्गात पाठवा. शोभेला ठेवलीय का दारात?"

कोमलचे ओठ हलताहेत. पाठ करून आली आहे. आवाज कापू नये म्हणून.

टेबलासमोरची खुर्ची मी तिच्यासाठी ओढून ठेवली. अजून हाक मारलेली नाही. सरांनी आत्ताच घड्याळ पाहिलं.