निळ्या चिंधीचं भांडं

प्रिय फ्लोरी,

मोरकॅम्बची समुद्राची हवा तुझ्या गुडघ्यांना मानवली का? इकडे सगळं ठीक आहे, फक्त माझं डोकं ठिकाणावर नाही. चॅपलच्या बायका पाककृतींचं पुस्तक काढताहेत आणि भट्टीतल्या मटण-बटाट्याची, म्हणजे ‘खऱ्या हॉटपॉट’ची कृती लिहायचं काम मिसेस हॅलमनं माझ्या गळ्यात मारलंय. वीस जणींना विचारलं, बावीस उत्तरं मिळाली. म्हातारी मिसेस पिल्किंग्टन म्हणते, तिच्या आजीच्या काळी त्यात कालवं पडायची, तेव्हा कालवं हे गरिबाचंच खाणं होतं. तिची बोल्टनची सून म्हणते, गुरदा नसेल तर तो हॉटपॉटच नव्हे. मी गाजराचं नाव काढलं तर मिसेस हॅलम “जेवायला माणसं येणारेत की ससे?” म्हणून उठूनच गेली. तो पहिल्यांदा कुणी केला, तर कुणी म्हणतं मेंढपाळांनी, कुणी म्हणतं घरी सूत कातणाऱ्या बायकांनी, हात मोकळे राहावेत म्हणून. एकमत एकाच गोष्टीवर: वर बटाट्याच्या चकत्यांचं खरपूस झाकण हवं. झाकणाखाली काय, ते ज्याचं त्याला माहीत.

मला मात्र माझंच माहीत नाही. गिरण्या बंद पडल्या तो हिवाळा आठव. माझ्या नवऱ्याचा, हर्बर्टचा माग थांबला, माझाही. तुझी गिरणी तेवढी चालू होती. पहिल्याच आठवड्यात तू पावाची लादी घेऊन दारात आलीस आणि मी नाक वर करून म्हटलं, “आमच्या घरी अजून चूल पेटते हो!” लादी तशीच परत पाठवली. काय माज होता गं माझा! तू फक्त म्हणालीस, “बरं बाई, तुझं भांडं तरी दे. ओग्डन बेकरीवाल्याच्या भट्टीवरूनच जाते मी.” एकाच जत्रेत घेतलेली आपली दोन तपकिरी भांडी, माझ्या भांड्याच्या कानाला निळी चिंधी, तुझ्याच्या लाल. सकाळी सहाच्या आधी दोन्ही तू न्यायचीस, पाव निघाले की उरल्या आचेवर ती शिजायची, आणि बाराचा भोंगा झाला की आपापलं घेऊन यायचो.

मी त्यात बटाटे, कांदा आणि थोडी चरबी घालत होते, बस्स. आणि दुपारी उघडलं तर आत मटण! मानेचे चांगले मऊ तुकडे. एकदा नाही, आठवड्यातून दोनदा, फेब्रुवारीपर्यंत. चकत्याही मी कापल्या त्याहून पातळ दिसायच्या; मला वाटलं, भट्टीत आटत असतील. तुला विचारलं तर तू हसून म्हणालीस, “देवाची करणी आणि बटाट्यात मटण! खा मुकाट्यानं.” मी खाल्लं. हर्बर्टनंही खाल्लं, पण त्याच्या डोक्यात ओग्डन शिरला. दुसऱ्याच्या बायकोच्या भांड्यात कुणी बेकरीवाला फुकट मटण घालतो का? एक दिवस भर रांगेत तो ओग्डनच्या अंगावर गेला. तो बिचारा पिठाचे हात वर करून म्हणाला, “भल्या माणसा, मी फक्त भट्टी पेटवतो!” बायका हसल्या आणि तिथेच घात झाला. भांडं भट्टीवर जायचं थांबलं. हर्बर्टनं मला तोंडावर कधी विचारलं नाही. पण पुढे जन्मभर ओग्डनच्या दुकानासमोरून जाताना तो माझा दंड घट्ट धरायचा. हॉटपॉटला मरेपर्यंत शिवला नाही.

आणि आता ऐक. घर सोडताना तू तुझं भांडं माझ्याकडे ठेवून गेलीस ना, ते काल सोडा घालून घासलं. तीस वर्षांची काजळी निघाली आणि बुडाला माझ्या नावाचं अक्षर दिसलं. माझ्या वडिलांनी खिळ्यानं कोरलेलं. मग माझं म्हणून वापरते ते उलटं केलं. त्याचं बूड कोरं.

म्हणजे तू वाटेत चिंध्या बदलत होतीस, आणि शेवटच्या बदलीनंतर भांडीही तशीच अदलाबदल राहिली. मला रडू आलं, मग राग आला, मग परत रडू आलं. तुझ्या पाया पडू की तुझ्याशी भांडू, कळत नाही. एक शब्द हर्बर्टला सांगितला असतास, तर माझा संसार निवळला असता. पण सांगितलं असतंस, तर मी ते भांडंही दारातूनच परत पाठवलं असतं, हेही खरं. मग चूक कुणाची, फ्लोरी?

हे पत्र पाककृतीसाठी नाही. काल रात्रीपासून मला एकच गोष्ट छळते आहे. तू सहापासून मागावर उभी असायचीस आणि बाराला लाल चिंधीचं भांडं उघडायचीस, त्यात माझे बटाटे आणि कांदा. आपल्या सामाईक अंगणात मी पोटभर जेवून विचारायचे, “काय गं, कसा झाला तुझा?” आणि तू दर वेळी म्हणायचीस, “मटण छान शिजलंय.” शनिवारच्या बसनं मी येते आहे. दोन्ही भांडी घेऊन येते, चिंध्या न बांधता. चकत्या तुझ्यासारख्या पातळ कापीन, मटण मानेचंच आणीन, आणि आधी तुला वाढीन. नाही म्हणायची सोय नाही.

अजूनही तुझ्याच भांड्यात शिजवणारी,
तुझीच
एडा