डुक्कर फियाटचा ब्रेक

३ फेब्रुवारी १९८३, गुरुवार

ब्रेक पुन्हा जाम! ठाकूरद्वारच्या नाक्यावर, भर दुपारी. मागे बस, बाजूला हातगाडी. पेडलवरून पाय काढला तरी चाकं सुटेनात. मागच्या चाकातून धूर निघाला तशी गर्दी जमली. एक जण म्हणाला, डुक्कर बसलं रे! सगळे हसले. या गोल पाठीच्या जुन्या फियाटला अख्खी मुंबई डुक्करच म्हणते, त्यात त्याची काही चूक नाही. पण स्टिअरिंगवर मी होतो आणि शेजारी फेलिक्स अंकल. ते खिडकीबाहेर बघत बसले. शेवटी खाली झोपून चाकांमागचे ब्रेकचे निपल सैल केले, प्रेशर सोडलं आणि चौघांनी ढकलत गाडी खोताच्या वाडीत आणली. शर्टाची वाट लागली.

गाडी अंकलची, शेडही अंकलची. वाडीच्या तोंडाशी, त्यांच्या घराला लागून पत्र्याची. बोलणं असं झालंय — त्यांची फियाट मी धावती करायची. दहा एप्रिलला त्यांच्या रीटाचं लग्न. तिला शेजारी बसवून स्वतः गाडी चालवत चर्चला न्यायचं, हा त्यांचा हट्ट. गाडी झाली तर शेड मला गॅरेजसाठी, कायमची. नाही झाली तर त्यांचा भाचा नेव्हिल टपून बसलाच आहे, त्याला तिथे स्कूटरच्या पार्ट्‌सचं दुकान टाकायचंय.

शेड गेली तर मला एकच रस्ता. मिलच्या गेटवर जाऊन हमीपत्रावर सही. संपात उतरलो ही माझी चूक झाली, पुन्हा करणार नाही. हे मी लिहून द्यायचं! नाही देणार. म्हणून हा ब्रेक नीट झालाच पाहिजे.

५ फेब्रुवारी

चारही ड्रम उघडले. काही दिसत नाही. डोकं फिरलंय.

११ फेब्रुवारी, शुक्रवार

समोरच्या दाताच्या डॉक्टरची फियाट आली होती. कार्बोरेटर साफ, पॉइंट घासले, दोन तासांत गेली. रोजच्या गाड्या कशा शहाण्यासारख्या वागतात. हे म्हातारं डुक्करच तेवढं जिवावर उठलंय. मिलमध्ये लागण्याआधी परळला गॅरेजात काढलेली दोन वर्षं आज कामाला येतायत, नाहीतर रिंग खात्यातल्या फिटरला कोण विचारतो?

चारनंतर बाबा आले. हल्ली रोज येतात. रिटायर झाले तरी घरी बसवत नाही. रे रोडला एका लाकडाच्या वखारीत सकाळचा पहारा करतात, तिथून सुटले की थेट इकडे. खरं सांगायचं तर सध्या घर त्यांच्याच पहाऱ्यावर चाललंय. येताना पिशवीत ती लांब चोचीची बुधली. जन्मभर मिलमध्ये ऑयलर होते, यंत्रांच्या वाट्यांत तेल घालत फिरायचे. ती सवय काही सुटत नाही. आल्या आल्या दाराच्या बिजागऱ्या, बॉनेटचा खटका, शेडची कडी, सगळीकडे टिपटिप. आज अंकलच्या मिसेसनी शिलाई मशीन बाहेर आणून दिलं. बाबा खूश! मला मात्र तो तेलाचा वास आला की मिल आठवते आणि चिडचिड होते.

१९ फेब्रुवारी

ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमध्ये नवं रबर किट टाकलं. नवं ब्रेक ऑइल भरलं. चर्नी रोडपर्यंत जाऊन आलो. लोण्यासारखा ब्रेक. अंकलनी गोव्याचा गोड बेबिंका खायला दिला. मीसुद्धा आज हसलो.

२४ फेब्रुवारी

पुन्हा!!!

किट काढलं तर रबरं फुगून टम्म. पाच दिवसांत! दुकानदाराच्या तोंडावर फेकून आलो. डुप्लिकेट माल विकतोस म्हटलं. तो म्हणाला, तुम्ही मिलवाले गाडीला हात लावता कशाला. त्याची कॉलर धरणार होतो. लोकांनी सोडवलं. दुसऱ्या दुकानातून किट आणलं, महाग.

२ मार्च

दुसऱ्या दुकानाचंही फुगलं. आता भांडायला दुकानं उरली नाहीत.

६ मार्च, रविवार

आज गाडीला हात लावला नाही. आमच्या चाळीतला सीताराम कामावर गेला! मागल्या गेटाने, भल्या पहाटे. वर्षभर आमच्याबरोबर मोर्चात ओरडणारा माणूस! संपाच्या कमिटीने त्याच्या दारात बांगड्यांचा आहेर नेला. कमिटीतला उत्तम म्हणाला, रघु, ताट तू धर, तुझा आवाज मोठा. धरलं. हिरव्या बांगड्या, हळदकुंकू, खण. अख्खी चाळ गॅलरीत उभी. सीतारामची बायको शैला दारात आली, ताट घेतलं आणि आत गेली. मी घोषणा दिल्या. घसा बसलाय. लाज वाटायलाच पाहिजे असल्यांना. सगळ्यांच्या घरी पोरं आहेत, त्याच्याच घरी आहेत काय?

बाबा जेवले नाहीत. पोट बरं नाही म्हणाले. बायको कमलही माझ्याशी धड बोलली नाही. तिचं काय बिनसलंय देव जाणे.

१४ मार्च

नेव्हिल शेडची लांबीरुंदी मोजून गेला. माझ्यासमोर! टेप धरायला मलाच सांगत होता.

अंकलना म्हटलं, मला वेळ द्या. त्यांनी पाइपात तंबाखू भरली. मग म्हणाले, “रघु, मी तुला एकच गोष्ट विचारतो, मॅन. त्या दिवशी माझी पोरगी गाडीत असेल. ब्रेकची गॅरंटी तू देशील काय?”

याच गोष्टीसाठी दीड महिना मान मोडून बसलोय आणि हो म्हणता येत नाही.

ईस्टरपर्यंत थांबतो म्हणाले. मग भाड्याची गाडी सांगणार आणि फियाट भंगारात देणार.

१५ मार्च

कमलशी भांडण. ती म्हणाली, सही करा आणि मोकळे व्हा, सही केल्याने माणूस मरत नाही. मी म्हटलं, बाबांना विचार मिलवाल्याची इज्जत काय असते ते. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते.

२३ मार्च

ब्रेकचे पाइप बदलले. चौथं किट. पेडल गुळगुळीत चालतंय. आनंद वगैरे काही होत नाही आता. हे डुक्कर मला ओळखून आहे.

२९ मार्च

शिमगा. गावी आई वाट बघत असेल, पालखी दारात येऊन गेली असेल. आम्ही इथेच.

पेडल पुन्हा घट्ट. नाकी नऊ आणले या गाडीने! हातोडा उचलून भिंतीवर मारला. भिंत अंकलची. उद्या लिंपून देणं आलं.

२ एप्रिल, शनिवार

सापडलं!

चहा आणायला गेलो होतो. बाबांसाठीही कटिंग घेऊन आलो तर बॉनेट उघडं आणि बाबा त्यात वाकलेले. बुधलीची चोच ब्रेक ऑइलच्या डबीत! मी जागीच थांबलो. चहा हातावर सांडला.

“बाबा, काय घालताय?”

“तेल. वाटी सुकी दिसली.”

“आजच घातलंत?”

“रोज बघतंय. तुझा लक्ष नसता. माझ्या खात्यात एक वाटी सुकी रव्हली नाय कधी.”

मिलचं तेल! सूत कातणाऱ्या चात्यांना घालतात ते पाण्यासारखं पातळ तेल. ते ब्रेकमध्ये गेलं की रबर भिजवलेल्या वालासारखं फुगतं. मी गावभर दुकानदारांच्या अंगावर धावून जातोय आणि चोर माझ्या शेडमध्ये बाकड्यावर बसून चहा पितोय. काखेत कळसा नि गावाला वळसा!

मग जे तोंडाला आलं ते बोललो. सगळं लिहीत नाही. तुमची मिल संपली म्हटलं, तुमचं खातं संपलं, आता माझ्या पोटावर मारू नका. अंकल घरातून बाहेर आले ते ऐकून. बाबांनी बुधली बाकड्यावर ठेवली. चप्पल पायात घातली. “माका काय कळता रे त्यातला,” म्हणाले आणि गेले. पिशवी इथेच विसरले.

३ एप्रिल, ईस्टर

सकाळपासून चर्चच्या घंटा. मी पाइपांतून स्पिरिट सोडून सगळी लाइन धुतली. चारही चाकांची रबरं नवी, मास्टर सिलिंडरची नवी. ब्रेक ऑइल नवं. केनेडी ब्रिज, चौपाटी, परत. दहादा ब्रेक मारला, दहादा सुटला. अंकल नव्या सुटात आले तेव्हा त्यांना सांगितलं, गॅरंटी देतो. त्यांनी मिठी मारली. काळे हात त्यांच्या सुटाला लागले असते म्हणून मी ते वर धरून उभा राहिलो.

बाबांची बुधली रिकामी करून धुवावी म्हटलं, रबर भिजवून बघायला थोडं तेल बशीत ओतलं. तेल एकदम स्वच्छ. नवं, डब्यातून आत्ता काढल्यासारखं.

बाबांनी रिटायर होताना आणलेला डबा कधीच संपला. उरलंसुरलं काळं चिकट झालं होतं, मीच फेकलं. संप सुरू झाला तेव्हापासून आमच्यातल्या कुणाच्या हाती त्या तेलाचा थेंब आलेला नाही. ते तेल मिलच्या स्टोअरमधून मिळतं, खात्यात उभ्या असलेल्या माणसाला.

बशी बाकड्याखाली सरकवली.

घरी आलो. बाबा खाली देवळात गेले होते. कमलला विचारलं, बाबा सकाळी कुठे जातात? तिने भाजी चिरणं थांबवलं नाही.

“आज कळलं तुम्हाला? त्यांचे कपडे मी धुते. वखारीतल्या माणसाच्या कपड्यांना भुसा लागतो. खिशात कापूस कुठून येईल?”

दिवाळीपासून जातायत. मिलने रिटायर झालेले बोलावून घेतले, कपड्याने झाकलेल्या टेम्पोतून आत नेतात. रघुला सांगू नको, त्याची मान खाली जाईल, असं तिला म्हणाले होते.

४ एप्रिल

झोप नाही. कळलंय ते सांगावं म्हणून दोनदा उठलो, बाबांच्या उशाशी उभा राहिलो. काय सांगणार? जाऊ नका म्हणू? मग उद्या चूल कशावर पेटवायची?

सही करणार नाही म्हणून छाती काढून फिरतोय मी. माझा संप बाबांच्या पगारावर चाललाय. खरं आहे ते खरं आहे. आणि राग? बाबांचा येतो, माझा येतो, परत बाबांचा येतो. त्या दिवशी सीतारामच्या दारात मी घोषणा देत होतो तेव्हा ते गॅलरीतच उभे होते.

साडेपाचला बाबा उठले. मी डोळे मिटून पडलो. दार हळूच लोटून गेले. त्या दाराच्या बिजागऱ्याही त्यांनी तेल घालून ठेवल्यात, आवाज येत नाही.

७ एप्रिल

बाबा शेडकडे फिरकलेले नाहीत. घरीही समोरासमोर टाळतात. ते समजतात मी ब्रेकवरून रागावलोय. समजू दे.

१० एप्रिल, रविवार

गाडी गेली. पांढऱ्या रिबिनी, मागच्या काचेत फुलं. अंकल ताठ बसून चालवत होते. वाडीच्या तोंडाशी एक मूल आडवं आलं, कचकन ब्रेक मारला, गाडी थांबली. आणि पुन्हा सुटली! मी पायात चप्पल नसताना चर्चपर्यंत मागे धावलो. नेव्हिलनेसुद्धा हात मिळवला. जेवणाआधी अंकलनी शेडची किल्ली माझ्या खिशात टाकली.

घरी बाबांना लग्नातला केक दिला. अर्धा खाल्ला, अर्धा कमलला दिला. विचारलं, “ब्रेक लागलो मा?” म्हटलं, लागला. उद्या येताना इकडून या, म्हटलं. मान हलवली.

१२ एप्रिल, मंगळवार

अकराच्या सुमारास उत्तम शेडवर आला, कमिटीचे दोघे बरोबर. मागल्या गेटाने एक म्हातारा ऑयलर आत जातो, चेहरा तुझ्या बाबांसारखा आहे म्हणतात, खरं सांग. बाबा त्या वेळी खात्यात वाट्या भरत होते. मी बाकड्यावरची बुधली दाखवली. बाबा सकाळपासून इथेच असतात म्हटलं, गाड्यांना तेल घालतात, आत्ताच चहाला गेले. उत्तमने आईची शपथ घ्यायला लावली. घेतली. “तुझ्या शब्दावर सोडतो,” म्हणाला. रविवारी दुसऱ्या एकाच्या दारात जायचंय, ताट तूच धर. हो म्हटलं.