रस्त्याच्या बाजूची खोली

३ फेब्रुवारी, सकाळी ७
आधी विचारपूस, मग बाकीचं. हिचा गुडघा कसा? जिना चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प. धाकटीचा खोकला? गेला. माझी तब्येत? ठणठणीत. परदेशात थोरला आणि सूनबाई? उत्तमच असणार. काही बिनसलं असतं तर कानावर आलं असतं.
निश्चय: मे महिन्यात पाच दिवस परदेश, मी आणि ही. हेतू निव्वळ शहर बघणे. थोरला त्याच शहरात राहतो, हा योगायोग.

५ फेब्रुवारी
हॉटेल निवडायचं काम माझ्याकडे. बत्तीस वर्षं पोस्टमन होतो. कुठली वस्ती कशी, हे मला कुणी शिकवायला नको. धाकटीने कॉम्प्युटरवर नकाशा काढून दिला. स्टेशनजवळची वस्ती: सोयीची, पण गोंगाट फार. नदीकाठची: जो तो तिचीच तारीफ करतो, म्हणून बाद. तिसरी जुन्या बाजारामागची. धाकटी म्हणाली, बाबा, तिथे बघण्यासारखं काहीच नाही. म्हटलं, शांतता बघू. दादाचा रस्ता तिथेच आहे ना, असं पुटपुटली. तिला काही बोलून दाखवायची गरज नव्हती.

९ फेब्रुवारी
हॉटेल सापडलं. चार मजले, लिफ्ट नाही. राहून गेलेल्यांच्या तक्रारी धाकटीने वाचून दाखवल्या. चादरी स्वच्छ, नाश्ता जेमतेम. रस्त्याच्या बाजूची खोली चुकूनही घेऊ नका, समोरच्या इमारतीशिवाय काही दिसत नाही. एकाने लिहिलंय, पाच दिवस आम्ही लोकांचे वाळत घातलेले कपडे बघत बसलो.
नकाशावर समोरच्या इमारतीचा नंबर बघितला. सतरा. थोरल्याचाही सतरा.
हीच खोली. कुणी घेत नाही, म्हणजे नक्की मिळेल.
हिला सांगितलं. म्हणाली, आणि माझा गुडघा? म्हटलं, सामान मी उचलीन, वेळ पडली तर तुलाही. हसली नाही.

१४ फेब्रुवारी
धाकटी विचारत होती, दादाला कळवलंत का. कशाला? आम्ही शहर बघायला चाललोय. समोर दिसलाच तर हाक मारू.
भांडण म्हणावं असं काही झालंच नव्हतं. चार वर्षांपूर्वी तो निघाला तेव्हा एवढंच म्हणालो होतो, की जायचं तर पुन्हा तोंड दाखवू नकोस. स्टेशनवर गेलो नाही, कारण डोकं दुखत होतं. रागाच्या भरात माणूस बोलतो, असलं कोण लक्षात ठेवतं? मला शब्द न् शब्द आठवतो, तो माझी स्मरणशक्ती चांगली म्हणून.
शिवाय दर दोन महिन्यांनी पत्र टाकतो. चोवीस झाली. उत्तर नाही, पण एकही परत आलेलं नाही. माणूस पत्त्यावर नसला की टपाल परत येतं. परत आलं नाही, म्हणजे पोचलं. हे मी नाही, बत्तीस वर्षांची नोकरी सांगते.

२० फेब्रुवारी
हॉटेलच्या काउंटरवरच्या बाईंना मेल. मजकूर माझा, इंग्रजी धाकटीचं. रस्त्याच्या बाजूची खोली, तिसरा मजला. तासाभरात उत्तर आलं. याला म्हणतात सेवा. बाईंनी विचारलंय, नक्की का? मागे बागेकडची रिकामी आहे. कळवलं, बाग नको.
चालण्याचा सराव सुरू. रोज दहा फेऱ्या. आज चार. बूट चावले.

२ मार्च, रविवार
ही दर रविवारी दुपारी स्वयंपाकघराचं दार लोटून तिच्या बहिणीशी फोनवर बोलते. गुडघ्याचं रडगाणं असणार. आज मात्र हसत होती. नीट जेवते का गं ती, की नुसती पळत असते, असं विचारत होती. मेहुणीच्या घरात पळणारं कोण? मांजर पाळलं असावं.
फेऱ्या: शून्य. बूट बदलायला हवेत.

१० मार्च
बाईंना सहज विचारायचं ठरवलं, की सतरा नंबरमध्ये थोरल्याच्या नावाची पाटी कुठल्या मजल्यावर दिसते. खिडकी त्याच हिशेबाने घेता येईल. धाकटी टाइप करीना. बाबा, असू द्या ना, म्हणाली आणि उठून गेली. डोळे पाणावले होते. खोकला उलटला वाटतं.
मग मीच दोन बोटांनी टाइप केलं. माझं इंग्रजी पाकिटांवरून शिकलेलं, पण पत्ता विचारण्यापुरतं पुष्कळ.

१२ मार्च
उत्तर आलं. मी एकट्याने वाचलं. दोनदा.
बाई स्वतः रस्ता ओलांडून गेल्या होत्या. त्या नावाची पाटी नाही. तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, बाळ झाल्यावर ते लोक मोठ्या घरात गेले, त्याला दोन वर्षं झाली. त्यांच्या नावाची पत्रं अजून येतात. हाताने लिहिलेली आहेत, परत पाठवायला जीव होत नाही, म्हणून आजींनी खोक्यात ठेवली आहेत. बारा.
म्हणजे आधीची बारा त्याच्या हातात पडली होती.
हिला विचारलं, बाळ? भाजी चिरायची थांबली. म्हणाली, मुलगी. अडीच वर्षांची. मग विळी बाजूला सारून म्हणाली, पत्ता आहे माझ्याकडे, पण तुम्हाला द्यायचा नाही असं कबूल करून घेतलंय त्याने. मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

१३ मार्च
बाईंना कळवलं, खोली नको. आभार मानले. त्यांनी लिहिलं, वाईट वाटलं, कधीही या.

१६ मार्च, रविवार
ही म्हणाली, लिहा पत्र, पत्ता मी घालते. तुमच्यासमोर नाही घालणार.
चार पानं लिहिली. हॉटेल, नकाशा, नदीकाठ, सगळं त्यात. फाडली. जे उरलं ते इथे उतरवून ठेवतो:
तेव्हा बोललो ते चुकलं. डोकं दुखत नव्हतं, मुद्दामच आलो नाही. आईने मुलीचं नाव सांगितलेलं नाही आणि मीही विचारलेलं नाही. ते तू सांगावंस. पत्ता देऊ नकोस. नुसतं नाव चालेल. लवकर लिही.