ईराची जाहिरात

फ्रीमाँट, मंगळवार संध्याकाळ

कॉलेजमधून ईराचा फोन आला. तिने एका रॅकेटच्या दुकानाची जाहिरात केली, पैसेही घेतले! तिच्या कॉलेजच्या टेनिस टीममधल्या सगळ्याच मुली घेतात, पण त्या इथल्या नागरिक आहेत. आमचं ग्रीन कार्ड अजून अडकलेलं, ईरा स्टुडंट व्हिसावर. तिला असं कमावता येत नाही.

"आई, एव्हरीवन डज इट!" आधी चिडली. मग एकदम मराठीत, रडवेली, "मला परत पाठवतील का गं?"

परत? चार वर्षांची होती, इथे आणलं तेव्हा. "काही होत नाही," म्हणाले खरी. पण झालं तर? वकील उद्या बोलणार आहेत.

जाहिरात पुन्हा पाहिली. किती सुंदर खेळतेय पोर! आणि मी देवाला विनवतेय, ती कुणाच्या नजरेस पडू नये.