कॉफीपुरतं पाणी

रविवार, १८ मे. सकाळी ७.
आज आमच्या गल्लीची पाण्याची पाळी. लाइनीच्या कामामुळे गेल्या रविवारची बुडाली होती. चौदा दिवसांनी नळ खोकला, चहाच्या रंगाचं पाणी ओकला आणि गप्प झाला. बायको, इन्साफ, म्हणाली, मुतसिमला बोलवा. मुतसिम प्लंबर आहे. येत्या शुक्रवारी त्याच्यासाठीच त्याच्या घरची वडीलधारी मंडळी आमच्या मुलीला, लुबनाला, मागणी घालायला येणार आहेत. मी तीस वर्षं अम्मानच्या शाळेत फिजिक्स शिकवलं. नळासाठी प्लंबरपुढे हात पसरले, तर शुक्रवारी नकार कुठल्या तोंडाने देऊ?

नकार द्यायचं पक्कं आहे. घरात अजून बोललो नाही.

सोमवार, १९ मे.
निदान झालं. गच्चीवरची टाकी मध्यंतरी रिकामी पडली, तेव्हा पाइपात हवा शिरली. हवेला वाट करून द्यायची, बस. नळाला तोंड लावून फुंकलं. गच्चीवरून लुबना म्हणाली, बाबा, टाकीत बुडबुडे येताहेत आणि तळाचा गाळही वर येतोय. म्हणजे दिशा बरोबर आहे.

मंगळवार, २० मे.
गाळ काढायला टाकीचा तळाचा व्हॉल्व्ह उघडला. गाळ गेला. पाणीही गेलं, सगळं. पुढची पाळी रविवारी. इन्साफ म्हणाली, अबू लुबना, अहो लुबनाचे बाबा, पाहुण्यांना आता वाळू पाजायची का? तिला म्हटलं, स्वच्छ टाकी ही पहिली पायरी असते. ती टँकरवाल्याला फोन करायला गेली.

बुधवार, २१ मे.
टँकर आला. टाकी भरली. नळ कोरडा. खालच्या मजल्यावरची उम्म रकान विचारत होती, उस्ताद, बादलीभर पाणी वर पाठवू? नको म्हणालो, आम्हाला गरज नाही. नंतर स्वयंपाकघरात तिची बादली दिसली.

गुरुवार, २२ मे. दुपारी.
सकाळी दोन तास पाइप ठोकला. दमून मशिदीत गेलो. परत येतो तर नळाला धो धो पाणी, अगदी निर्मळ. ठोकण्याचा परिणाम जरा उशिरा होतो. गच्चीवर एक नवाकोरा व्हॉल्व्ह दिसला, शेजारी एक पाना. माझाच असावा. लुबना मघापासून गुणगुणतेय. बापाचा अभिमान वाटतो पोरीला.

उद्याचा बेत सोपा आहे. आमच्या रिवाजात मागणी घालणारा म्हातारा कॉफीचा कप समोर ठेवतो, आपलं म्हणणं मांडतो आणि मुलीचा बाप 'कॉफी प्या' म्हणेपर्यंत कप तोंडाला लावत नाही. ते दोन शब्द म्हणजे होकार. मी ते म्हणणार नाही. कॉफी गार होऊ देईन. सभ्यपणे.

शुक्रवार, २३ मे. दुपारी ४.
पंधरा माणसं आली. मधोमध मुतसिमचे काका, हाज रिबही. कॉफी आली. हाजनी कपात डोकावून पाहिलं आणि कप खाली ठेवला. आठवडाभर गल्लीत आमच्या पाण्याच्या रंगाची चर्चा चालू होती, ते काय मला ठाऊक नाही? माझं डोकंच फिरलं. म्हणालो, हाज, शंका नको, पाणी स्वच्छ आहे. लाइन मी माझ्या हाताने दुरुस्त केलीय. निर्धास्त कॉफी प्या.

मुतसिम सतरंजीकडे बघत होता. आतल्या खोलीत बायकांनी आनंदाच्या किलकाऱ्या सुरू केल्या. हाज रिबहींनी भाषणाचा कागद अर्धवट उघडला होता. म्हणाले, उस्ताद, अल्लाह तुमचं भलं करो, पण मी अजून मागणी घातलीच नाहीये. मग कागद मिटला आणि एका घोटात कप रिकामा केला. पाठोपाठ उरलेल्या चौदा जणांनीही.

लुबनाने येऊन माझा हात आपल्या कपाळाला लावला. तिचे हात थंडगार होते. मी नकार देईन म्हणून आठवडाभर पोर मला घाबरून होती, हे मला त्या वेळी कळलं आणि फार वाईट वाटलं.

निर्णय मी पूर्ण विचारांती घेतला, अशी इथे नोंद करून ठेवतो.