सावळ्या रंगाचा शेवटचा हात

दादा,

तुमच्या हातचं एक चित्र मी बिघडवलं. तुम्ही असता तर हे सांगायला मला तोंड नसतं. तुम्ही नाही, तुम्हाला जाऊनही आता किती वर्षं झाली, म्हणून तुमची लेक लिहायला बसली आहे. यात धाडस काही नाही.

शिरूर अनंतपाळच्या विहारातलं बुद्धाचं तैलचित्र. तुम्ही ते केलंत त्या हिवाळ्यात मी नांदेडला शिकत होते, त्यामुळे ते होताना मी पाहिलं नाही, झालेलंच पाहिलं. बाकीची मात्र होताना पाहिली आहेत. शाळा सुटली की तुम्ही सायकल भिंतीला लावता आणि तडक मागच्या खोलीत शिरता. कापडाला सरस, त्यावर पांढरं अस्तर, ते घासून गुळगुळीत. मग तपकिरी रेषा. मग अख्खं चित्र नुसत्या करड्या-फिक्या रंगात, खरे रंग जणू अजून बाजारातून यायचेत. त्यानंतर कुठं रंगाचा हात, तोही तेलात इतका पातळ केलेला की खालचं सगळं दिसत राहावं. एक हात वाळल्याशिवाय दुसरा नाही. चित्र ओलं असलं की आईला फोडणी घालताना स्वयंपाकघराचं दार लावून घ्यावं लागायचं, झाडू तर हळूच, पाण्याचा शिपका मारून. ती म्हणायची, "ह्या घरात माणसापरीस चित्राचीच बडदास्त जास्त हाय."

त्या खोलीतली एक दुपार माझ्या फार जवळची आहे. मी चौथीत असेन. दुकानात 'अंगाचा रंग' म्हणून जी फिकी गुलाबी नळी मिळायची, ती मी आईच्या चित्राला तोंडभर फासली होती. तुम्ही माझा हात धरून कागदावर ठेवलात. "कुणाच्या अंगाचा रंग हाय ह्यो? आपल्या घरात तर कुणाचा न्हाई." आवाज चढला नव्हता, तरी मी भोकाड पसरलं. मग तुम्ही तपकिरीत जरा लाल, जरा पिवळा कालवलात आणि माझ्या मनगटाशी लावून पाहत बसलात, जुळेपर्यंत. मी हे विसरले असते तर आज मला सबब तरी सांगता आली असती.

पुढं मी भलत्याच वाटेला लागले. अ‍ॅक्रिलिक, सुरी, रोलर, गोणपाट, वर्तमानपत्राचे तुकडे. नांदेडला माझं पहिलं प्रदर्शन भरलं तेव्हा तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून आलात आणि गोणपाटावरच्या लाल-काळ्या चित्रापुढं बराच वेळ उभे राहिलात.

"ह्यात उजेड कुठून येऊन राहिला?"

"कुठूनच नाही, दादा. यात सावलीच नाही. रंग हाच उजेड."

"अन् वाळायला किती दिस?"

"चहा पिऊन येईपर्यंत."

तुम्ही हसलात. "बरं हाय बाई. माझा निम्मा जन्म वाळायची वाट बघण्यात गेला."

मला वाटलं, मी जिंकले. कॉलेजात शिकवायला लागल्यावर मी तेच ऐटीत सांगत आले. जुन्या पद्धतीचा चित्रकार मेहनत लपवतो, ब्रशचा फटकारासुद्धा दिसू देत नाही. आजचा चित्रकार रंग कसा लावला हेच दाखवतो. जुन्या चित्रात आपण आत शिरतो, नवं चित्र आपल्या अंगावर येतं. हे खोटं नाही, दादा, आणि माझ्या चित्रांची मला लाजही वाटत नाही. पण माझ्या चित्रात जे काही आहे ते वरच आहे, आणि तुमच्या चित्राकडंही मी तशाच नजरेनं पाहिलं.

बुद्धपौर्णिमेच्या आधी विहार समितीचे अध्यक्ष घरी आले होते. तुमच्याच हाताखाली शिकलेले. म्हणाले, "ताई, मेणबत्त्यांनी अन् अगरबत्त्यांनी चित्र लई काळवंडलंय. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार न्हाई. तुम्ही गुरुजींची लेक." असं म्हटल्यावर मी कशाला मागंपुढं पाहते? कापूस, टर्पेंटाइन, स्पिरिट घेऊन लातूरमार्गे गेले. आधी पाठीमागची पिंपळाची पानं पुसली. कापसावर काजळी उतरली आणि पानं हिरवी निघाली. माझी छाती फुगली. मग चेहऱ्याला हात घातला.

पानांवरून निघालेलं काळं होतं. चेहऱ्यावरून निघत होतं ते तपकिरी, किंचित लालसर. काजळी कधी लाल असते का? कॉलेजातल्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळलं असतं. मी पुसत राहिले. खालून फिका, गोरा चेहरा वर आला, आणि मग लोक जमले. "लई उजळलं, ताई. नवंच वाटून राहिलं." मला फुलं दिली, टाळ्या वाजवल्या, तुमचं नाव घेतलं. मी मान खाली घालून हसत होते, विनयानं.

नांदेडला परत आल्यावर आईला फोनमधला फोटो दाखवला. तिनं चष्मा लावला, फोन जवळ धरला, लांब धरला.

"ह्यो कोण?"

"अगं, दादांचा बुद्ध."

"न्हाई. तो सावळा होता." आणि मग शांतपणे, शेंगा सोलता सोलता म्हणाली, "तवाचे समितीवाले म्हणायचे, गुरुजी, थोडा उजळ करा. हे म्हणायचे, वाळल्यावर बघू. अन् वाळला की अजून एक सावळा हात द्यायचे. सारा हिवाळा तेच चाललं. शेवटाला माझा हात धरून चित्राशी लावला, तवा कुठं ब्रश धुतला."

तिनं फोन पालथा ठेवला. रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त एवढंच म्हणाली की शेंगा कोवळ्या आहेत.

तेव्हापासून एका फळकुटावर तुमच्यासारखा पातळ हात द्यायला शिकते आहे. जमत नाही. पहिला थर चिकट असतानाच माझे हात शिवशिवतात, दुसरा देते आणि दोन्ही ओघळतात. सारा हिवाळा वाट पाहणं म्हणजे काय हे मला आता, या वयात, कळतंय.

गेल्या आठवड्यात अध्यक्षांना फोन केला. म्हटलं, "भाऊ, चित्र माझ्या हातून बिघडलंय. मला ते पुन्हा सावळं करू द्या." ते हसले. "काय बोलून राहिला, ताई. लोक खूश हाईत. लेकरं फोटो काढून राहिलीत. आता कशाला काळं करता? राहू द्या तसंच." मी म्हणायला हवं होतं की भाऊ, ती काजळी नव्हती, तो आपल्या घरातल्या माणसांचा रंग होता. भांडायला हवं होतं, गुरुजींची लेक म्हणून मला तेवढा हक्क होता. शब्द जिभेवर आले होते. "बरं," म्हणून मी फोन ठेवला.

भांडणार कुठल्या तोंडानं? त्या दिवशी विहारात हनुवटीचा शेवटचा कोपरा पुसून मी जराशी मागं सरकले, तेव्हा कुणी जमलं नव्हतं, कुणी काही म्हटलं नव्हतं. मी एकटीच होते. आणि तुमच्या सावळ्या लेकीला तो गोरा चेहरा आधीपेक्षा सुंदर वाटला होता.

हे आईला सांगितलेलं नाही. तुमचा पत्ता असता तर तुम्हालाही कळवलं नसतं.