नोव्हेंबरातला दसरा

११ नोव्हें. २००७, जर्सी सिटी
सं.ची रजा कॅन्सल. ऑफिसात काहीतरी पेटलंय म्हणे. जपानात जाऊन क्योतोची लाल झालेली पानं बघायची माझी कधीपासूनची हौस, माझं तिकीट रिफंड होणार नाही, तर नवरोबा म्हणतात, "माझ्या जागी आईचं काढतो. तुम्ही दोघी जा ना!" वा रे! दीड वर्ष सासूबाई नि मी एका घरात राहतोय. बोलणं काय, तर कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या.

१४ नोव्हें.
डिसेंबरात सं. अकोल्याचं घर विकायला जाणार. आई आता कायमच्या इथे. जेवताना परत विचारलं त्यानं, "आई, चालेल ना?"
"तू म्हणशील तसं." आणि भात चिवडत बसल्या. चांगला मुलगा आहे, पण ठार आंधळा.

१९ नोव्हें., क्योतो
काय रंग आहेत! लाल म्हणजे किती लाल असावं एखाद्या झाडानं. डोळे निवले. देवळात सासूबाईंनी न सांगता चपला काढल्या. "हे लोक आपल्यातलेच दिसतात गं."
सकाळी मात्र घोळ. उठून बघते तर सासूबाईंनी दोघींच्या गाद्यांच्या वळकट्या करून कोपऱ्यात रचलेल्या, कपबशा विसळून पालथ्या. खोली आवरायला आलेली बाई वाकून वाकून माफी मागतेय, आणि ह्या तिला मराठीत, "राहू दे बाप्पा, मला तरी दुसरं काय काम आहे?" हसून हसून मेले. त्याही हसल्या. दोघी एकदम हसलो, असं पहिल्यांदाच.

२० नोव्हें.
सुपात मासा, भाजीत मासा. शेवटी नुसती रस्त्यावरची भाजकी रताळी. "एकादशी घडली," म्हणाल्या. नदीकाठी लालभडक मॅपलखाली बसून खाल्ली. इतकं छान जेवण बऱ्याच दिवसांत...

२१ नोव्हें.
देवळामागे एक प्रचंड पिवळं झाड. गिंको. खाली नुसता सडा. सासूबाईंनी एक पान उचललं. मधे चीर, दोन पाकळ्या. "अगं, हा तर आपटा!" आपटा कसला, पण दिसतो खरा. बाकावर एक जपानी आजी बसली होती. ह्यांनी पान थेट तिच्या हातात ठेवलं. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.
आजी उठली. दोन्ही हातांनी पान घेतलं, वाकली. मग शोधून शोधून, डाग नसलेलं एक पान उचलून ह्यांना दिलं.
सासूबाई रडायलाच लागल्या. "अकोल्यात दसऱ्याला मी अख्खी गल्ली फिरते. तुमच्याकडे दोन दसरे काढले, कोणाच्या दारात जाऊ? लिफ्टमध्ये सगळे हाय म्हणतात नि छताकडे बघतात. मला घरी जायचंय गं. संदीप इतक्या हौसेनं करतो सगळं, त्याला नको कसं म्हणू? तू सांग."

२२ नोव्हें.
मी सांगू? म्हणजे सुनेनं सासूला घालवलं, हे जन्मभर माझ्या कपाळी. बरी सापडले त्यांना!
पण खरं कारण ते नाहीच. बाई मला आवडायला लागल्यात. आत्ता कुठे, आणि...

२५ नोव्हें., जर्सी सिटी
सं. एअरपोर्टवर आला. "आई, खूश?"
"हो," दोघी एकदम.
पानं तिथेच ठेवून आलो, कस्टम्सवाले आणू देत नाहीत. सं. डिसेंबरचं तिकीट काढून बसलाय. तोंड उघडवलं नाही माझ्याच्यानं. भित्री भागूबाई!

२७ नोव्हें.
स्टेशनच्या कोपऱ्यावर एक झाड आहे. त्याची फळं कुजली की मी नाक दाबून पळते. आज वर बघितलं. गिंको! इतकी वर्षं रोज त्याच्याखालून जातेय, यार.
संध्याकाळी त्याचं एक पान सासूबाईंना दिलं. "आई, मी नाही सांगणार. तुम्हीच द्या त्याला."
त्यांनी पदरानं पान पुसलं.
जेवायच्या आधी त्याच्यासमोर धरलं. "संदीप, सोनं घे."
"आई, दसरा कधीच झाला!" हसला, पण लेक गुणाचा, पान घेऊन पाया पडायला वाकला. त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "पुढच्या दसऱ्याला माझ्या घरी ये. अकोल्याला."
सं. वाकलेलाच. उठेचना. त्यांनीही हात काढला नाही.
आमटी गरम करायच्या निमित्तानं मी आत आले, तिथेच हे लिहितेय. आमटी उकळून गेली.